दक्षिणा आणि रॉयल्टी

माझी वकिलीची सनद सध्या स्थगित आहे आणि ती मी स्वतःच अर्ज देऊन स्थगित करून घेतलेली आहे. प्रॅक्टिस करणाऱ्या वकिलाला स्वतः धंदा चालवता येत नाही आणि दाव्यातून मिळणाऱ्या रकमेत वाटा ठरवून घेता येत नाही, असे बार कौन्सिल ऑफ इंडियाचे नियम सांगतात. संगीताच्या क्षेत्रातल्या मॅनेजरचे पोट मात्र वाट्यावरच चालते. कलाकाराच्या मिळकतीतले साधारणतः दहा ते वीस टक्के हाच त्याचा मेहनताना असतो. करार वाचून सल्ला देणारा आणि त्याच करारातून वाटा उचलणारा माणूस एकच असला, तर सल्ला नेमका कोणाच्या हिताचा आहे हे सांगणे कठीण होते, म्हणून हा नियम मला कधी जाचक वाटला नाही. जळगावच्या जिल्हा न्यायालयात काही वर्षे काम केल्यावर लक्षात आले, की माझ्याकडे येणाऱ्या गायक-वादकांना दावा लढणाऱ्यापेक्षा दाव्याची वेळच येऊ न देणारे माणूस हवे आहे. तेव्हा मी न्यायालयीन काम आणि करारांचे मसुदे एका सहकारी वकिलाकडे सोपवले आणि अहिराणी गाणाऱ्यांचे व्यवस्थापन पत्करले. गावाकडे अजूनही मला वकीलताईच म्हणतात, आणि सनदेचा प्रकार समजावून सांगू लागले की समोरचा माणूस ‘असू द्या, असू द्या’ म्हणत चहा मागवतो.

आमचे घर अमळनेर तालुक्यातले, माळकरी. वैशाखात बोरी नदीच्या पात्रात भरणारी सखाराम महाराजांची यात्रा, ज्येष्ठात कोथळीहून पंढरपूरकडे निघणारी मुक्ताईची पालखी आणि श्रावणात घरी बसणारी आमची खान्देशी देवी कानबाई यांच्या आधाराने आमच्या घरचे वर्ष चालते. माझ्या गळ्यात तुळशीची माळ आहे, एकादशी आहे, संध्याकाळी हरिपाठ आहे. या माळेचे व्यवसायात दोन अर्थ लावले जातात आणि दोन्हींचा मला त्रास होतो. मुंबईतल्या बैठकीत समोरच्यांना वाटते, की बाई भाविक आहेत, पैशांसाठी फार ताणणार नाहीत. खान्देशातल्या कलाकाराला उलट वाटते, की ताई माळकरी आहेत, तेव्हा त्यांनी पुढे केलेल्या कागदावर डोळे मिटून सही करायला हरकत नाही. ही दुसरी समजूत मला अधिक धोक्याची वाटते. माळ घालणाऱ्याने काय खाऊ-पिऊ नये हे माळ सांगते. त्याला करार कळतो की नाही, हे ती सांगत नाही. म्हणून माझा स्वतःचा करारही मी कलाकाराला घरी नेऊन दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यायला लावते, आणि काहींना त्याचा राग येतो.

ज्यांनी आमच्याकडचा हा व्यवसाय पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगते. पूर्वी खान्देशी गाणे कॅसेटवर आणि नंतर बसस्टँडबाहेर विकल्या जाणाऱ्या व्हीसीडीवर मिळत असे, आणि गाणाऱ्याला एकरकमी बिदागी देऊन विषय संपत असे. आता गाणी यूट्यूबवर येतात, लग्नसराईत डीजेवर वाजतात आणि काही अहिराणी गाण्यांना कोट्यवधी व्ह्यूज मिळतात. माध्यम बदलले, पण बिदागीची पद्धत तशीच राहिली. जाहिरातींचे पैसे चॅनेलच्या मालकाच्या खात्यात दरमहा जमा होतात, आणि ज्या बाईच्या आवाजाने ते गाणे सुरतेपासून भुसावळपर्यंत पोहोचवले, तिला आकडा दिसतो तो फक्त व्ह्यूजचा. लग्नाच्या गाण्यात गायक निदान भांडतो तरी. सुपारी ठरवताना खान्देशातला बँडवाला किंवा कलावंत काही भोळा नसतो. खरी गफलत देवाच्या गाण्यात होते.

धुळे जिल्ह्यात शिरपूरकडे राहणाऱ्या एका गायिकेचा करार माझ्याकडे आला होता. तिने कानबाईचे गाणे गायले होते, त्यातली धृपदाची ओळ परंपरेतली होती आणि पुढची कडवी तिची स्वतःची. करार दोन पानांचा, शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर केलेला होता. तेव्हा शंभराचा कागद चालत असे, ऑक्टोबर 2024 पासून तो पाचशेचा घ्यावा लागतो. सदर गीताचे सर्व हक्क, आज अस्तित्वात असलेल्या व भविष्यात निर्माण होणाऱ्या सर्व माध्यमांकरिता, संपूर्ण विश्वाकरिता, कायमस्वरूपी, असे एकाच वाक्यात लिहिलेले होते. मोबदल्याच्या रकान्यात साडी-चोळी, श्रीफळ आणि रुपये 1,100 दक्षिणा अशी नोंद होती. खाली तिची सही होती, अक्षर शाळकरी, आडनावाच्या शेवटी शाई फुटलेली. मी तिला विचारले, की रॉयल्टीबद्दल काही बोलणे झाले होते का, तेव्हा ती म्हणाली, “देवनं गानं शे ताई, त्याना पैसा कसा मांगू?”

या कागदाचे कायदा काय करतो, हे समजून घेण्यासारखे आहे. कॉपीराइट कायदा 1957 चा. त्यात 2012 मध्ये जी दुरुस्ती झाली, तिने गीतकाराला आणि संगीतकाराला अशी तरतूद दिली, की ध्वनिमुद्रणात वापरलेल्या त्यांच्या रचनेच्या रॉयल्टीतला निम्मा वाटा त्यांना कंपनीला सोडूनच देता येत नाही. वारसांना किंवा कर्त्यांच्या वतीने रॉयल्टी गोळा करणाऱ्या कॉपीराइट सोसायटीला तो देता येतो, बाकी कोणाला नाही. तिने सही केलेली असली तरी तेवढ्यापुरती ती सही निष्फळ आहे. गायकालाही, त्याचे गायन व्यापारी कारणासाठी वापरले गेले, तर रॉयल्टीचा हक्क आहे. भविष्यात निघणाऱ्या माध्यमांबाबतचा मोघम मजकूरही टिकत नाही. करार झाला तेव्हा जे माध्यम वापरात नव्हते, त्याचा करारात नेमका उल्लेख नसेल तर तो हक्क कंपनीकडे जात नाही. गंमत अशी, की मुदत आणि प्रदेश यांबद्दल करार गप्प असता, तर कायद्याने मुदत पाच वर्षांची आणि प्रदेश फक्त भारताचा धरला असता. मसुदा लिहिणाऱ्याने ‘विश्व’ आणि ‘कायमस्वरूपी’ हे दोन शब्द आठवणीने घातले, आणि त्या दोन शब्दांनी बाईचा तेवढा आधार काढून घेतला. दावा लावायचाच झाला तर त्यासाठी मुंबईला खेटे घालायची गरज नसते, हेही आमच्या कलाकारांना ठाऊक नसते. हक्कदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात कॉपीराइटचा दावा दाखल करता येतो.

आम्ही दावा लावला नाही, बोलणी केली. कंपनीचे मालक स्वतः देवभोळे गृहस्थ होते, त्यांच्या खुर्चीमागे सप्तशृंगीची मोठी तसबीर होती आणि तिच्यापुढे उदबत्ती लावल्याशिवाय ते दिवसाचे काम सुरू करत नसत, हे मी स्वतः पाहिले आहे. ते मनापासून म्हणाले, की देवीच्या कामात हिशेब काय करायचा. मी त्यांना एवढेच म्हटले, की कानबाईच्या रोटाला, म्हणजे नैवेद्याला, गहू कसे काढतात ते आठवा. घरातल्या एकेकाच्या नावाने सव्वा मूठ मोजून गहू घेतले जातात, सुरतला कामाला गेलेल्या मुलाच्या नावाची मूठही चुकत नाही, आणि कोणाचे नाव राहिले तर आजी सगळे थांबवते. देवीच्या कामात हिशेब नसतो, हे वाक्य कानबाई बसवणाऱ्या घरात कोणी उच्चारणार नाही. ते हसले. हसण्याने करार बदलत नाही, त्याला आणखी तीन महिने लागले, पण बोलणे तिथून सुरू झाले.

माझ्या म्हणण्यावरचा खरा आक्षेप कंपन्यांकडून येत नाही, तो माझ्याच संप्रदायातून येतो आणि तो भारी आहे. जिथे कीर्तन करावे तिथे अन्नही घेऊ नये, असे तुकोबांनी सांगून ठेवलेले आहे, बुक्काही लावून घेऊ नये इथपर्यंत. हे वचन ज्यांच्या रोजच्या पाठात आहे, त्यांना मी रॉयल्टीचा फॉर्म कोणत्या तोंडाने भरायला सांगते, असे एका वृद्ध कीर्तनकारांनी मला विचारले होते. या प्रश्नावर मी बराच विचार केला आहे आणि माझे उत्तर असे आहे. तुकोबांचा नियम गाणाऱ्याला बांधतो. जो गातो त्याने लोभ धरू नये, त्याने श्रोत्याकडे हात पसरू नये. पण हरिपाठाच्या आधी जाहिरात लावणाऱ्याला, ती जाहिरात विकणाऱ्याला आणि तिच्या पैशांचा वाटा घेणाऱ्या चॅनेलच्या मालकाला हा नियम कोणी सांगितलेला नाही आणि त्यांनी तो मानलेलाही नाही. देवाच्या गाण्यातून पैसा निघतच नसता, तर मागण्याचा प्रश्न उरला नसता. तो निघतो, दरमहा निघतो, फक्त गाणाऱ्यापर्यंत येत नाही. आणि गाणाऱ्याचे वैराग्य हे दुसऱ्याच्या उत्पन्नाचे साधन व्हावे, असे काही तुकोबांच्या मनात असेल, असे मला वाटत नाही. दक्षिणा देणाऱ्याच्या मनावर असते, ती कमी पडली म्हणून तक्रार करणे अशोभनीयच आहे. रॉयल्टी कोणाच्या मनावर नसते. ती कोणी देत नाही, ती असते, आणि ती न पोहोचवणे याला औदार्य कमी पडणे म्हणत नाहीत.

त्या कीर्तनकारांनी पैसे घेतले नाहीत, हे सांगायला हवे. त्यांच्या अभंगगायनाच्या चित्रफितींचा वाटा आम्ही लेखी करारात त्यांच्या नावावर आणला आणि मग त्यांनी दुसऱ्या कागदावर तो दिंडीच्या अन्नदानासाठी लावून दिला. दोन वेगळे कागद का, एकातच भागले नसते का, असे त्यांच्या मुलाने विचारले. नसते भागले. पहिल्या कागदाने ती रक्कम बाबांची झाली, म्हणून दुसऱ्या कागदाने ती त्यांना देता आली. आता दर वर्षी पालखी निघण्याच्या सुमारास ते मला फोन करतात आणि यंदा किती जमले ते अगदी रुपया-पैशांत विचारतात.

अभंगांच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे आणि तो भजनी मंडळांना वारंवार सतावतो. संतांचे शब्द कोणाच्या मालकीचे नाहीत; लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी साहित्यकृतीवरचा हक्क संपतो, आणि संतांना तर शतके लोटली. पण विसाव्या शतकात एखाद्या संगीतकाराने त्याच शब्दांना लावलेली चाल त्याची असते आणि कंपनीने केलेले ध्वनिमुद्रण कंपनीचे. गावातल्या मंडळाने पिढीजात चालीवर म्हटलेला हरिपाठ यूट्यूबवर टाकला, की तिथली यांत्रिक ओळख-पद्धत कधी कधी तो एखाद्या कंपनीच्या मुद्रणाशी जुळवते, आणि जाहिरातीचे पैसे त्या कंपनीकडे वळतात. मंडळाची माणसे घाबरून चित्रफीतच काढून टाकतात. वास्तविक तिथे हरकत घेता येते, दावा करणाऱ्याला उत्तर द्यायला 30 दिवस असतात, आणि पारंपरिक चाल आणि आपलाच आवाज असेल तर उत्तर सहसा येतच नाही आणि दावा गळून पडतो. मी हे भजनी मंडळांना फुकट करून देते. वाट्याचा धंदा करणाऱ्या बाईने एवढे करावे, असे मला वाटते.

मंदिरात, मिरवणुकीत किंवा लग्नात गाणे वाजवण्याचा प्रश्न वेगळा आहे आणि तो कायद्याने बराचसा सोपा केलेला आहे. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीच्या ओघात गाणे गायले किंवा वाजवले तर कॉपीराइटचा भंग होत नाही, आणि लग्नाची वरात व लग्नाशी जोडलेले समारंभ यांचाही त्यात समावेश आहे. जुलै 2023 मध्ये केंद्र सरकारने जाहीर सूचना काढून हेच पुन्हा सांगितले, कारण लग्नाच्या मांडवात परवाना फी मागितली जाते अशा तक्रारी येत होत्या. तेव्हा कानबाईच्या जागरणात कोणाचेही गाणे म्हणा, ते म्हणायला कोणाची परवानगी लागत नाही. त्या जागरणाची चित्रफीत करून ती चॅनेलवर चढवली आणि तिच्यावर जाहिराती सुरू केल्या, की आपण विधीतून बाहेर पडलो, असे मी धरून चालते.

नावाचे काय, हा मला पैशांहून जवळचा प्रश्न आहे. अभंगाच्या शेवटच्या चरणात रचणाऱ्याची नाममुद्रा असते. हजार तोंडांतून गेला तरी अभंग आपल्या कर्त्याचे नाव बरोबर घेऊन चालतो. आमच्या बायकांच्या गाण्यांना ती सोय नव्हती. जात्यावरच्या ओव्या, आखाजीची म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाची गाणी, कानबाईची गाणी, यांत माहेर आहे, भाऊ आहे, देवी आहे, रचणारी कुठेच नाही. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते; त्यांच्या रचना घरातल्या माणसांनी उतरवून ठेवल्या, बहिणाबाई 1951 मध्ये वारल्या आणि मुलगा सोपानदेव यांच्या प्रयत्नाने 1952 मध्ये पुस्तक निघाले, म्हणून ते नाव आज आमच्या विद्यापीठावर आहे. ज्यांच्या घरात लिहून घेणारे कोणी नव्हते, त्यांचे काय झाले हे सांगायला नको. कायद्याच्या 57 व्या कलमात असे आहे, की सर्व हक्क विकून टाकल्यावरही कर्त्याचा ‘हे मी केले’ म्हणण्याचा अधिकार उरतो. अहिराणी चित्रफितींत नट-नट्यांची नावे मोठ्या अक्षरांत येतात, कॅमेरावाल्याचे येते, कधी कधी ज्याच्या शेतात चित्रीकरण झाले त्याचेही येते, आणि गीतकाराचे नाव खालच्या मजकुरातही नसते. माझ्या प्रत्येक करारात पहिले कलम पैशांचे नसून नावाचे असते, आणि ते पहिले का, हे कंपन्यांना अजून कळलेले नाही.

श्रद्धेमुळे मी काही कामे नाकारत असेन, असे लोक गृहीत धरतात. द्वयर्थी गाणी नाकारत असाल, असे विचारतात. तसे मी करत नाही. आखाजीला आमच्या बायका एकमेकींना ज्या शिव्या गाण्यांतून देतात, त्या ऐकलेल्या माणसाने हळदीच्या गाण्यावर नाक मुरडू नये. मुले मात्र मी घेत नाही. गाणारी लहान मुले चॅनेलवर फार चालतात. अज्ञान, म्हणजे कायद्याने वयात न आलेल्या, मुलाने केलेला करार 1872 च्या करार कायद्याप्रमाणे निरर्थक असतो, म्हणून सह्या आई-बापांच्या घेतल्या जातात आणि वेळापत्रक मुलाच्या शाळेऐवजी लग्नसराई ठरवते. कायदा तिथे पुरेसा नाही आणि माझे मनही धजत नाही. बाकी माझ्याकडे अभंगांना साथ करणारे मुसलमान ढोलकीवादक आहेत, सातपुड्यातले होळीची गाणी गाणारे पावरा आदिवासी तरुण आहेत, आणि यांच्यापैकी कोणी माझी माळ मोजत नाही, मीही त्यांचे काही मोजत नाही. आम्ही बसतो ते हिशेबाला.

शिरपूरकडच्या त्या गायिकेचा नवा करार झाला. मुदत पाच वर्षांची, कडव्यांच्या रॉयल्टीतला निम्मा वाटा तिचा, गायनाचा वाटा वेगळा, चॅनेलच्या उत्पन्नाचे पान दर तिमाहीला उघडून दाखवण्याची अट, आणि नाव पहिल्या ओळीत. सगळे वाचून झाल्यावर तिने स्वतः एक कलम मागितले, जे मला सुचले नव्हते. कानबाईच्या गाण्याआधी ऑनलाइन रमीची जाहिरात लागते, ती लागू नये. नवऱ्याच्या भावाने त्या खेळात शेताचे पैसे घालवले होते. चॅनेलच्या मालकाला काही प्रकारच्या जाहिराती बंद ठेवता येतात, पण त्याने उत्पन्न घटते, म्हणून कंपनीने खळखळ केली, आणि उत्पन्न घटले तर त्यातला माझाही वाटा घटेल असे गायिकेने त्यांना शांतपणे सांगितले. वाटा असल्याशिवाय हे वाक्य तिला बोलता आले नसते. कलम मान्य झाले. पुढे 2025 मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर संसदेने कायद्यानेच बंदी घातली, तेव्हा कंपनीने कळवले, की आता ते कलम निरर्थक झाले आहे, ते गाळू या. ती म्हणाली, गाळू नका, त्याच्याखाली आणखी एक घाला. वेलचीच्या नावाने पानमसाल्याची जाहिरात येते, तीही नको. कंपनीच्या वकिलांनी आता वेलचीची व्याख्या मागितली आहे, आणि माझे सहकारी वकील ती लिहीत आहेत.